पत्र्यापुढचा चेहरा

नव्वदच्या दशकात मी कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. मोरिवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्याने तेव्हा कंत्राटी बायकांसाठी फोटोचे गेटपास काढले. भर दुपारी गोदामाच्या नव्याकोऱ्या पत्र्यापुढे त्यांना उभं केलं. पत्रा इतका तळपत होता की फोटोत तोच लख्ख आला, चेहरे काळेठिक्कर. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणाऱ्या एका मावशीची तर फक्त कानातली फुलं ओळखू येत होती.

त्यात गेटवरची केबिन अंधारी. वॉचमन आत, मावशी बाहेर उन्हात, पाठीमागे उजेड. तो फोटो बघायचा, तिला बघायचा आणि चेहरा जुळत नाही म्हणून परत पाठवायचा. कंत्राटदाराने सांगून टाकलं, सोमवारपर्यंत पास चालला नाही तर दुसरी बाई घेणार.

मी कारखान्याच्या साहेबाकडे गेले. साहेब म्हणाला, बाई मुळातच काळी, फोटोवाला काय करणार? मी म्हटलं, तुम्ही उभे राहा त्या पत्र्यापुढे, तुमचाही कोळसा होईल. साहेब काही उठला नाही. स्वतःच्या खर्चाने नवा फोटो आणा, म्हणाला.

मावशीला घेऊन उल्हासनगरातला एक स्टुडिओ गाठला. निळा पडदा, समोर दोन मोठे दिवे. गोड बोलणाऱ्या सिंधी मालकाने मी तोंड उघडायच्या आत तिच्या चेहऱ्यावर पावडर थापली. आहे तसाच फोटो काढा म्हटलं, तर त्याला अपमान वाटला.

"बेटी, मेरे यहाँ से कोई काला नहीं जाता."

वर चेहरा उजळ यावा म्हणून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली, आणि जाताना हौसेने पावडरची पुडीही दिली.

सोमवारी वॉचमन नवा फोटो बघून हसला. "ही तर हिरॉइन हाय. हिला पाठव, लगेच सोडतो."

मी डोक्यात पत्रकाचा मथळा जुळवत होते. मावशीने पिशवीतून पुडी काढली, तोंडाला पावडर फासली आणि केबिनच्या सावलीत जाऊन उभी राहिली. वॉचमनने सोडलं.

मग रोजचंच झालं. माझं डोकं फिरलं. ती पुडी फेक, आपण लढू, असं मी तिला गेटवरच सुनावलं.

"तू लढ गं पोरी. मना आत जायाचा हाय."

त्या संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा मी गेटवरच होते. मावशी बाहेर आली. पावडरीवर कारखान्याचा पिवळा रंग बसला होता, घामाने ओघळला होता. वॉचमनने तिचा डबा उघडून बघितला, पिशवी चाचपली. चेहऱ्याकडे त्याने मान वर करूनही पाहिलं नाही.