मोजणारे मुकादम

"पडल्यालं समद्यास्नी दिसत्यात की! टाकल्यालं कोन मोजनार?" असं म्हणून मुकादम मी बॉल फेकला की डाव्या खिशात एक चिंचोका टाकत. माझा बॉल लोखंडी कडीतून खाली पडला, तरच उजव्या खिशात आणखी एक.

सोलापूरच्या आमच्या गिरणीत ते मागखात्याचे मुकादम होते. माग किती कापड काढू शकतो आणि प्रत्यक्षात किती काढतो, हे पाहण्यात त्यांचा जन्म गेला. एकोणीसशे तीसच्या सुमारास गिरणीच्या मैदानावर बास्केटबॉलचे खांब उभे राहिले, आणि तीच नजर आमच्याकडे वळली. स्वतः मात्र त्यांनी बॉलला कधी हात लावला नाही. असा माणूस तुमच्याही वाट्याला आला असेल. कसं सोसलंत, तुमचं तुम्हीच जाणा.

एका संध्याकाळी माझे दहा बॉल पडले. टाळ्या झाल्या. मुकादमांनी पायरीवर चिंचोके ओतले.

"चाळीस टाकलं की, गड्या. चारात एक. तुज्याच संगातल्या नरसय्यानं आठच टाकलं, पाच पडलं. माल कुटं वाया जातोय, दिसतंय न्हवं?"

"अहो, मला दोघं-दोघं धरतात! तो मोकळा असतो!"

"धरनारं चिंचोक्यात येत न्हाईत."

असा संताप यायचा! त्यात कप्तानाला ते पटलं. बार्शीच्या संघाशी सामना होता. वर्षभर मी त्याचीच वाट पाहत होतो. आणि हुकूम काय, तर मी टाकायचंच नाही, बॉल नरसय्याला द्यायचा! दिला. बार्शीकरांच्या ते लगेच ध्यानात आलं. मला सोडून तिघंजण त्याला चिकटले. बिचाऱ्याचा एक बॉल धड पडेना. आम्ही सपशेल हरलो.

सगळ्यांदेखत मी मुकादमांवर तोंड सोडलं. "उद्यापासून मैदानावर पाऊल ठेवू नका!" ते निघून गेले.

दोन दिवसांनी ते माझ्या मागापाशी आले. खडखडाटात ओरडूनच बोलावं लागे.

"चुकलं माजं! तुला दोगं धरत हुती, म्हनून त्यो मोकळा ऱ्हात हुता. आता तेबी मोजतो. ह्यो बघ!" कोटाला आतून त्यांनी तिसरा खिसा शिवून घेतला होता. "येऊ का सांजच्याला?"

मला हसू येत होतं. तरी घुश्शातच म्हणालो, "बघू."

ते आले नाहीत. त्याच आठवड्यात ताप अंगावर घेऊन केमला, आपल्या गावी गेले, आणि मागून ते वारल्याची बातमीच आली.

त्यांच्यावर वर्षभर चिडलो, त्याचं मला काही वाटत नाही. माणूस होताच तसा. पण त्या दिवशी नुसतं "या" म्हणायला मला काय झालं होतं?