खूण नसलेली बारा पानं

छापखान्यात त्याला सगळे ‘चाळणी’ म्हणत. तीस वर्षं प्रूफं तपासताना त्याच्या नजरेतून एक खडा सुटला नव्हता, आणि याचा त्याला बऱ्यापैकी माज होता. छापखाना मेहुण्याचा, वर मेहुण्याचं घर, आणि त्यातली याची राहती खोलीही मेहुण्याचीच. जिना उतरला की नोकरी, चढला की संसार. मधल्या चौदा पायऱ्या त्याच्या म्हणाव्यात, तर त्यांवरही मेहुण्याच्या चपला असायच्या.

कामाची पद्धत जुनी. खालच्या प्रूफांच्या खोलीत बायको हस्तलिखित मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि हा प्रूफावर लाल खुणा करायचा. पाठ्यपुस्तक असो की शोकसभेचं पत्रक, तिचा आवाज वाण्याची यादी वाचल्यासारखा. या जोडप्यात दिवसभरात दुसरं फारसं बोलणं होत नसे.

अशात ती कादंबरी आली. तीनशे वर्षांपूर्वीचं जहाज, त्यावर नकाशे काढणारा एक तरुण, आणि तळाशी साखळदंडात ठेवलेला बंडखोर खलाशी. चाळणीने नाक मुरडलं. पहिल्याच प्रकरणात तीन वादळं म्हणजे लेखकाला हौस दांडगी दिसते, असं तो बायकोला म्हणाला. पाचव्यात नकाशेवाल्याने साखळीची किल्ली चोरली, तेव्हा मात्र गडी खुर्चीत पुढे सरकला. सातव्यात दोघं लहानशा होडीतून निसटले. खलाशाच्या खांद्यावर डोकं टेकून नकाशेवाला म्हणाला, स्वल्पविराम, जिथे जाशील तिथे मी येतो, पूर्णविराम.

चाळणीने लाल पेन खाली ठेवलं. बाविसाव्या वर्षी याच खोलीत, छपाईचे खिळे जुळवणाऱ्या एकाने त्याला विचारलं होतं, दुसऱ्या शहरात काम मिळतंय, येतोस का? त्या माणसावर त्याचं जिवापाड प्रेम होतं. पण मालकाच्या बहिणीशी लग्न ठरलं होतं, घरचे हरखले होते. हा मान खाली घालून उभा राहिला, आणि तो एकटाच गेला. हे कुणाला कळलं तर नोकरी, खोली, संसार, सगळं एका दिवसात जाणार, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही.

आठवड्याने मेहुणा पानं नाचवत आला. सातव्या प्रकरणात बारा पानांवर एक लाल खूण नाही, आणि चुका सत्तेचाळीस. चाळणी फाटली, असं म्हणत तो सगळ्यांदेखत हसला आणि पानं टाकून वर गेला.

बायकोने दार लोटलं. डोळे अधू झालेत, असं तो पुटपुटला.

“मिटले होते तुमचे डोळे,” ती म्हणाली. “मी बघत होते वाचताना. कोण होता तो?”

खोटं बोलायची त्याला इतक्या वर्षांची सवय. पण त्या दिवशी जीभ उचलेना.

“इथेच खिळे जुळवायचा,” तो म्हणाला. “तुझ्या आधी.”

ती रडेल, भावाला हाक मारेल, म्हणून तो टेबलाची कड धरून बसला. ती भावाने टाकलेली पानं गोळा करू लागली.

“तेव्हाच सांगायचं होतंत,” ती म्हणाली. “या लग्नाचं मलाही कुणी विचारलं नव्हतं. मीही सुटले असते.”

वरून तिच्या दादाची हाक आली, आणि दोघंही एकदमच उठली.