अंदमानसाठी झालेली कावीळ

मला आयुष्यात कधी कावीळ झाली नाही. तरी भडगावच्या बाजूला, गिरणाकाठच्या एका खेड्यात गेलो की कुणीतरी म्हातारं माणूस हटकून विचारतं, "काय भाऊ, कावीळ उलटली नाही ना परत?" मी म्हणतो, नाही, बरी आहे तब्येत, आणि मान खाली घालतो. ते गाव माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. आणि ती कावीळ मी अंदमानला जाता यावं म्हणून काढली होती.

सांगूनच टाकतो. पोटात ठेवून ठेवून कंटाळा आला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावात केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून. आम्हाला चार वर्षांतून एकदा प्रवासाची सवलत मिळायची. देशात कुठंही जाऊन या, भाडं सरकारचं. बाकीचे लोक तिरुपती करायचे, फार तर काश्मीर. मीही तिरुपतीच केलं असतं, पण धुळ्याचा माझा साडू आडवा आला. हा गृहस्थ बायकोमुलांना घेऊन अंदमानला जाऊन आला आणि आम्हाला मुद्दाम जेवायला बोलावलं. जेवण कसलं, अल्बम दाखवायचा होता! अल्बम स्वतःच्या मांडीवर, पान उलटणार तोच, आमच्या हाताला तो लागू देईना. "पाणी बघा, पाणी! तळाची वाळू दिसते की नाही?" दिसत होती. काय करणार?

परतीच्या एसटीत बायको पारोळ्यापर्यंत बोटांवर कसलासा हिशेब करत होती. पारोळ्याला गाडी थांबल्यावर म्हणाली, "आपणही जायचं." मी म्हटलं, जाऊ. ठरलं.

त्या दिवसापासून आमच्या दोन खोल्यांत दुसरा विषय नाही. आठ वर्षांच्या लेकीच्या शाळेतला नकाशा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागला. अंदमान त्यात कोपऱ्यात, सांडलेल्या मोहरीएवढं. बोट मद्रासहून सुटायची, तीन दिवस लागायचे. मी मद्रासच्या कचेरीला पत्रावर पत्र पाठवत होतो. बायकोला धास्ती उलट्यांची. तिनं त्यावर सराव काढला. घरमालकांच्या ओसरीवर बंगई होती, तिच्यावर आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि लेकीला, रोज संध्याकाळी बसवून ती जोरजोरात झोके द्यायची. लेक खिदळायची, मला गरगरायचं. "तुम्ही बोटीत चढल्या चढल्या आडवे होणार," बायको म्हणायची. "तिथं काय मिळतंय कुणास ठाऊक, सगळे मासेच," म्हणून तिनं डबाभर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, भाजून ठेवले, शेंगदाण्याची चटणी कुटली. तिघांसाठी काथ्याच्या टोप्या आणल्या. मी टोपी घालून आरशासमोर उभा राहायचो, दार लावून. चाळिशीला आलेला माणूस! गल्लीत एक घर राहिलं नाही जिथं मी अंदमानचं सांगितलं नाही.

मग मद्रासचं पत्र आलं. जागा मिळाली होती. मी आनंदानं कॅलेंडर काढलं, बोटीची तारीख बघितली. बोट आखाजीच्या आदल्या दिवशी सुटत होती. ती सोडली तर पावसाळा लागणार, मग सगळंच बोंबललं.

आता आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात काय, हे सांगायला हवं. बाहेरचे लोक अक्षय तृतीया म्हणून आमरस खातात आणि मोकळे होतात. आमच्याकडे तो सासुरवाशिणींचा सण. वर्षभर राबलेल्या पोरी माहेरी येतात, गौराई मांडतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. पण पोरीनं आपण होऊन यायचं नाही. माहेरच्या माणसानं न्यायला जायचं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर बाई सासरीच, आणि वर बोलणी खायची ती वेगळीच.

आमचे आईवडील केव्हाच गेलेले. अक्काला मुराळी म्हणून जाणारा मी एकटा. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला न्हाऊमाखू घालून शाळेत पाठवणारी तीच. सतराव्या वर्षी ती त्या खटल्याच्या घरात पडली. पहाटे चारला उठून गड्यांच्या भाकऱ्या थापायच्या, मग शेत, मग गुरं, मग पुन्हा भाकऱ्या. सासू अशी, की बाई पाच मिनिटं टेकलेली दिसली तर तिलाच चक्कर यायची. वर्षातून आखाजीचे चार-पाच दिवस, तेवढेच अक्काचे. मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

खरं लिहून कळवावं म्हणून मी तीनदा बसलो. "अक्का, यंदा आम्ही अंदमानला चाललो आहोत." तीनदा कागद फाडला. सासू काय म्हणेल ते मला इथं बसल्या ऐकू येत होतं. भावाला बोटीत बसायला वेळ आहे, बहिणीला एसटीत बसवायला नाही! आणि खरं तर सासूचं निमित्तच. मलाच लाज वाटत होती. लाज वाटत होती, पण बोट सोडवत नव्हती.

रजेच्या अर्जात कारणं लिहून लिहून माझा हात बसलेला. ताप लिहावा तर तीन दिवसांत उतरतो. पाय मोडला लिहावं तर पुढं लंगडावं लागतं. कावीळ बरी. महिनाभर चालते, पथ्य असतं, दगदग चालत नाही. लिहिलं पत्र. बायकोला वाचून दाखवलं. "अहो, सणाच्या तोंडावर कसलं अभद्र लिहिता!" ती म्हणाली. पण फाडून टाका, असं काही ती म्हणाली नाही. मी पेटीत टाकून आलो.

इथंच मी फसलो. खानदेशात जन्म काढलेल्या माणसानं कावीळ निवडावी, यासारखा गाढवपणा नाही. आमच्याकडे कावीळ म्हटलं की डॉक्टर कुणाला आठवत नाही, औषध देणारा आठवतो. प्रत्येकाच्या माहितीत एक असतो, आणि तोच सगळ्यात गुणाचा असतो. अक्काच्या सासरच्या शेजारच्याच गावात एक म्हातारे आबा काविळीचं औषध देत. हे मला कसं सुचलं नाही?

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी बनियनवर बसून पोहे खात होतो. पुढच्या खोलीत बॅगा, बॅगांवर टोप्या. लेक अंगणातून ओरडली, "आत्या आली! आत्या आली!" बायकोनं बॅगा पायानं खाटेखाली ढकलल्या. मी पोह्यांची ताटली तिच्या हातात कोंबली आणि गोधडी ओढून आडवा झालो. मे महिन्यातलं जळगाव, आणि मी गोधडीत! घाम सुटायला वेगळी खटपट करावी लागली नाही.

अक्का आली. उन्हानं तोंड लाल झालेलं, हातात कापडी पिशवी. एकटी आली होती. मुराळी नसताना माहेरी आल्याची तिची ती एकच वेळ. कावीळ म्हटल्यावर सासूसुद्धा घाबरली होती, चार दिवस दिले होते. अक्का दोन खेपा घालून त्या आबांकडून औषध घेऊन आली होती.

"डोया दखाड," ती म्हणाली. मी डोळे दाखवले. प्रवासाच्या आनंदात रात्रभर झोप नव्हती, त्यामुळे ते कसेतरीच दिसत असणार. "उपाशीपोटी शे ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली. दातात पोह्यातला शेंगदाणा अडकलेला होता.

औषध म्हणजे कसल्याशा कडू फळाचं पाणी, ते नाकात सोडायचं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब टाकले. अरे बाप रे! टाळूपर्यंत आग गेली. डोळ्यांतून धारा, नाकातून पिवळं पाणी. कुणाच्याही नाकात ते सोडलं तर पिवळंच पाणी येणार, हे आता कळतं. पण अक्काला केवढा आनंद! "निंघनी दख, बठ्ठी निंघनी!" सगळी निघाली, असं म्हणत ती जुन्या धोतराच्या फडक्यानं माझं नाक पुसत राहिली. तिच्या हाताला भेगा पडल्या होत्या, त्या गालाला लागत होत्या. तेव्हा बोलायला हवं होतं. अक्का, मला काही झालेलं नाही, एवढंच. त्याच खाटेखाली बॅगा होत्या.

ती लगेच घरात रुळली. लुगडं दोरीवर वाळत घातलं, बायकोला म्हणाली, तू बस, मी करते. दुपारी लेकीला कुशीत घेऊन गोष्ट सांगितली. चार दिवस पथ्याचं काय काय करायचं ते मनाशी ठरवत होती. संध्याकाळी तिनं पुन्हा थेंब टाकले. त्या खेपेला माझा जीव जायचा बाकी राहिला. तसाच नाक धरून मी म्हणालो, "अक्का, डॉक्टरांनी मुंबईला दाखवायला सांगितलंय. उद्याची गाडी आहे. आम्ही तिघंही जाऊ. तू सकाळच्या एसटीनं परत जा." तिनं औषधाची बाटली पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "बरं भाऊ. जाय."

सकाळी मी तिला स्टँडवर सोडलं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरून दिली. गाडी हलली आणि मला एकदम मोकळं वाटलं. स्टँडवरून घरी येताना मी शीळ घालत होतो. हे लिहिताना कानशिलं तापतात, पण घालत होतो.

अंदमान? साडू खोटं बोलला नव्हता. तळाची वाळू दिसते. पण तो सगळा प्रवास मी एका आजारी माणसासारखा केला. आखाजीच्या दिवशी आम्ही बोटीच्या तळघरात ओकत पडलो होतो. बंगईचा काडीचा उपयोग झाला नाही. बायकोनं परत येताना शंखशिंपले आणले, कपाटात मांडले. दरवर्षी आखाजीला मी अक्काला आणायला निघालो की बायको ते काढून पिठाच्या डब्यामागं ठेवायची. अक्का परत गेली की पुन्हा मांडायची. कित्येक वर्षं हा आमचा उद्योग. पुढच्या वर्षी मी मुराळी म्हणून गेलो तेव्हा सासूनं माझ्यावरून मीठमोहरी उतरवून टाकली. मी मुंबईत मरता मरता वाचलो, असं अक्कानं सगळ्या गावाला सांगितलं होतं.

बऱ्याच वर्षांनी सासू गेली. अक्काच्या घरात सुना आल्या. मी भेटायला गेलो होतो. ती अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होती, जवळ कुणी नव्हतं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पत्र, बोट, बॅगा, मुंबई. सांगताना रडलो. तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

"माहीत शे," ती म्हणाली.

माझ्या लेकीनं त्या औषधाच्या दिवशी दुपारीच तिच्या कुशीत शिरून कानात सांगितलं होतं, आत्या, कुणाला सांगू नको हं, आपण बोटीतून जाणार आहोत, तूपण चल.

मी विचारलं, "मग संध्याकाळी पुन्हा थेंब कशाला टाकलेस?"

"राग उनता," ती म्हणाली, राग आला होता म्हणे, आणि हसली. "दोन थेंब जास्तीना टाकात."

मीही हसलो. मला वाटलं, चला, सुटलो. म्हटलं, "अक्का, तेव्हाच चार शिव्या घालायच्या होत्यास. गावाला खोटं कशाला सांगत बसलीस माझ्यासाठी?"

मग ती जे बोलली ते सावकाश, शेंगा फोडता फोडताच बोलली. तुमच्या जाण्याचा राग नव्हता, म्हणाली. लेकरू बोट बघणार, चांगलंच होतं. पण सासूनं चार दिवस दिले होते, आणि त्यातला एकच झाला होता. रात्रभर ती जागी होती. सकाळी भाऊ एवढंच म्हणेल, अक्का, आम्ही जातो, तू राहा, आतून कडी लाव. एवढंच ऐकायला. तिला सण नको होता, झोके नको होते. कुणीच नसलेल्या घरात तिला झोपायचं होतं. उठवायला कुणी नाही, भाकरी मागायला कुणी नाही. लग्न झाल्यापासून तसा एक दिवस मिळाला नव्हता, तिथं तीन मिळत होते.

मी तिचा हात धरला. म्हटलं, आता चल. आजच चल. आम्ही दोघं धुळ्याला साडूकडे जाऊन राहतो, घर तुझं, हवे तेवढे दिवस झोप.

"आते काय," ती म्हणाली. "आते सुना शेतस. मी दिवसभर पडेलच राहस. तवय पाहिजे व्हतं रे, भाऊ."