माहेर, नग एकोणीस

सोमवार, ५ मे २००३. कोल्हापूर स्टेशन. हजर: दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मी, आणि आम्हाला गाडीत बसवून द्यायला आलेले माझे मिस्टर. गैरहजर: ताई. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती, पण घरातल्या कुठल्याही कार्यात तिचं नाव हजेरीत घेतल्याशिवाय माझं पान पुढं सरकत नाही. सामान: नग एकोणीस. जायचं ठिकाण: चेन्नई.

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात हवामानाला कधी किंमत दिली नाही. बत्तीस वर्षं ते हायस्कुलात पी.टी.चे मास्तर होते आणि ऊन ही पोरांनी कवायत चुकवण्यासाठी काढलेली सबब आहे, असं त्यांचं पक्कं मत बनलेलं होतं. मे महिन्यात सगळी मंगळवार पेठ ओल्या फरशीवर पालथी पडलेली असते तेव्हा दाजी कढत पाण्यानं अंघोळ करून, अंगात बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर घालून दारात पेपर वाचत बसत. कुणी तरी न राहवून विचारायचंच, "मास्तर, उकडत न्हाय व्हय?" दाजी पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "उकडाय मी काय बटाटा हाय?" ताईनं हट्टानं बसवून घेतलेला छताचा पंखा ते फक्त धुतलेल्या चादरी वाळवायला लावत. गळ्यात शिट्टी कायम. निवृत्त झाल्यावर ती काढावी असं त्यांना कधी वाटलं नाही आणि सुचवायची आमची हिंमत झाली नाही. घरच्या पंगतीत एक शिट्टी म्हणजे वरण, दोन म्हणजे जिलबी. माझ्या लग्नात भटजींची मंगलाष्टकं लांबली, मुहूर्ताचा मिनिटकाटा पुढं सरकला, तशी मांडवात अशी काही शिट्टी वाजली की अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो दचकून सोडूनच दिला. आमचं लग्न त्या क्षणी लागलं असं मी धरून चालते.

दुसरी सवय आवाजाची. जगातल्या कुठल्याही माणसाशी कोल्हापुरी मराठीत पुरेशा मोठ्यानं बोललं की त्याला कळतं, न कळल्यास आणखी मोठ्यानं बोलायचं, हा त्यांचा भाषेविषयीचा एकमेव सिद्धांत. आणि तिसरी सवय म्हणजे एकदा पाहिलेली गोष्ट ते जन्मभर तशीच करतात. अंडं कसं उकडायचं, सायकल कशी पुसायची, पाहुण्याला स्टेशनवर कसं सोडायचं, सगळं पहिल्यांदा पाहिलं तसं. पुढची सगळी गडबड या सवयीनं केली.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, लग्न होऊन चेन्नईला होती. जावई सांगलीकडचे, संगणकाच्या कंपनीत नोकरीला, अतिशय सज्जन आणि सासऱ्यांना प्रचंड घाबरून असलेले. भाचीला सातवा महिना लागला तशी दाजींनी घर झाडून, दूधवाल्याला अर्धा लिटर वाढवून सांगून ठेवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. पण तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ मनाई केली. भाचीनं फोन केला तेव्हा मी तिथंच होते. दाजी इतक्या मोठ्यानं बोलत होते की फोनची गरज होती का, अशी शंका यावी. "न्हाय यायचं म्हंजे? माहेरी न्हाय यायचं?" पलीकडून ती काहीतरी म्हणाली आणि दाजी गप्प झाले. दाजी गप्प होणं ही दुर्मिळ घटना असल्यामुळं मी रिसीव्हर हातातून घेतला. ती रडत होती. "मावशी, मी चिडून बोलून गेले गं. म्हटलं, आई गेल्यावर माझं माहेर राहिलंच कुठं?"

दाजी रात्री जेवले नाहीत. सकाळी सातला माझ्या दारात शिट्टी वाजली. "यादीबाई," ते म्हणाले. मी ऑफिसात हेडक्लार्क आहे आणि घरीही याद्या करते म्हणून हे नाव. "वही काढा. पोरगी माहेरी येत न्हाय तर माहेर तिकडं न्यायचं. लिव्हा."

मी लिहिलं. डिंक, खारीक, खसखस, अळीव, बाळंतशेपा, ओवा, घरचं तूप, बाळाची दुपटी चोवीस. इथपर्यंत माझं डोकं चाललं. मग दाजींनी सांगायला सुरुवात केली: ताईच्या बाळंतपणातली बाज, सोडवून, तिची नवार, लोखंडी शेगडी, कोळसा, आणि शेणी एक पोतं. "शेणी? गोवऱ्या?" मी विचारलं. "मग शेक कसा द्यायचा? तुमच्या ताईला चाळीस दिस बाजंखाली शेगडी व्हती. मी सोता फुंकलीया." मी म्हटलं, "दाजी, तोवर चेन्नईत मे महिना लागलेला असेल." त्यांनी माझ्याकडं कवायतीत उलटा पाय टाकलेल्या पोराकडं बघावं तसं बघितलं. "बाळंतीण बाळंतीण असती. तिला मे अन् जून न्हाई."

खरं म्हणजे तेव्हाच एक गोष्ट सांगायला हवी होती. ताईचं बाळंतपण ऐन आषाढात झालं होतं. आठवडाभर सूर्य नव्हता, भिंतींना ओल आली होती, दुपटी वाळत नव्हती, म्हणून शेगडी रात्रंदिवस पेटलेली होती. दाजींनी आयुष्यात पाहिलेलं बाळंतपण ते एकच. पण फोननंतरचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं होता. मी मुकाट्यानं लिहिलं: शेणी, पोतं एक.

आता कोल्हापूरच्या माणसाला शेणींचं पोतं दिसलं की पहिल्यांदा काय आठवतं, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडं स्मशानात दहन शेणींवर होतं. गाडीत आमच्या बाकाशेजारी ते पोतं, दोरीनं करकचून बांधलेली बाजेची लाकडं आणि एक मडकं (लोणच्याचं, पण वरून फडकं बांधलेलं) असं सामान रचलेलं होतं. हातकणंगल्याला एक फेटेवाले आजोबा चढले. त्यांनी लाकडं बघितली, पोतं बघितलं, मडकं बघितलं. सावकाश फेटा काढून मांडीवर ठेवला. मग अतिशय हळुवार आवाजात म्हणाले, "पावणं, कोण गेलं?"

"जाणार कोण?" दाजी गरजले. "येणार हाय! नातवंड!"

आजोबांनी फेटा परत घातला, पण मिरज येईपर्यंत त्यांची नजर काही पोत्यावरून हटली नाही. उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पावण्यांची तब्येत बरी हाय न्हवं?" मी हो म्हटलं. माझी स्वतःची खात्री नव्हती.

मिरजेला गाडी बदलली, बेंगळूरला बदलली, दोन्ही ठिकाणी एकोणीस नग मोजून उतरवले, मोजून चढवले. चेन्नईला उतरलो आणि अंगावर जणू कुणी ओलं घोंगडं टाकलं. हे ऊन आपल्याकडच्यासारखं नव्हे. सावलीत जावं तर ते आपल्याआधी तिथं येऊन बसलेलं. अंघोळ करून अंग पुसावं तर पुसलेलं कोणतं आणि राहिलेलं कोणतं ते कळू नये. मी पहिल्या पाच मिनिटांत हार मानली. दाजी स्वेटर घालून ताठ उभे होते. कपाळावरून घामाची धार नाकावर, नाकावरून शिट्टीत. त्यांनी हमालाला थांबवायला शिट्टी फुंकली तर आतून नुसता बुडबुड असा आवाज आला. "दाजी, उकडतंय का?" मी विचारलं. "छे. जरा दमट हाय," ते म्हणाले, आणि स्वेटरच्या टोकानं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी स्वेटर गेला. तिसऱ्या दिवशी सदरा गेला. चौथ्या दिवशी बनियन आणि डोक्यावर ओला टॉवेल अशा अवस्थेत त्यांनी अधिकृत निवेदन केलं: "कोल्हापूरचं ऊन समोरनं यून थोबाडीत मारतंय. हे मागनं यून मिठी मारतंय. असल्याशी लढायचं कसं माणसानं?"

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पाचव्या दिवशी दोघी घरी आल्या तेव्हा दाजींनी नवार ओढून बाज तयार केलेली होती. जावई "पप्पा, डॉक्टर म्हणाल्या की खोली हवेशीर..." एवढं म्हणेपर्यंत बाहेरच्या व्हरांड्यात शेगडी पेटली. सकाळचे अकरा वाजले होते. शेणींचा धूर आधी आमच्या नाकात गेला, मग जिन्यानं वर चढला. वर घरमालकीणबाई राहत. सत्तरीच्या, नऊवारीसारखं दिसणारं लुगडं नेसणाऱ्या आणि आवाजानं दाजींच्या तोडीच्या. त्या बादली घेऊनच खाली आल्या. त्या तमिळमध्ये बोलत होत्या, दाजी कोल्हापुरीत, दोघंही सारख्याच पट्टीत.

"आवो, शेक हाय, शेक! बाळंतिणीचा!" दाजी ओरडले. त्या त्याहून मोठ्यानं काहीतरी ओरडल्या. सिद्धांताप्रमाणं दोघांनाही कळायला हवं होतं. मग फस्स असा आवाज झाला आणि शेगडी विझली. बाई बादली तशीच ठेवून वर गेल्या.

दाजी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. टॉवेलमधून पाणी गळत होतं, पायांवर काळी राख उडालेली होती. मी जवळ गेले. ते हळू बोलत होते आणि त्यांचा हळू आवाज मला ओळखूच येईना. "यादीबाई, मला ह्यातलं कायबी येत न्हाय. मी फक्त फुंकायचं काम केल्तं. बाकीचं तीच करायची. ती असती तर पोरीला माहेर वाटलं असतं. माझ्या हातनं नुसता धूर झाला."

 तेवढ्यात आतून भाचीचा आवाज आला, "पप्पा, शेणी किती उरल्यात?"

दाजींनी मान वर केली. "पोतं तसंच हाय की."

"मग पेटवा. दोन मिनिटं. टेबलफॅन माझ्या बाजूला लावा आणि बाज दारात ओढा."

मी म्हटलं, "अगं, डॉक्टर ओरडतील." भाची म्हणाली, "मावशी, डॉक्टरांना कोण सांगतंय? तू सांगणार आहेस?" मी वही मिटली.

बाज दारात ओढली गेली. बाळाला आत पंख्याखाली जावयांच्या मांडीवर दिलं. शेगडीत मूठभर निखारे, वर चिमूटभर ओवा. दाजी ओणवे होऊन फुंकत होते, घाम निखाऱ्यावर पडून चर्र वाजत होता. दोन मिनिटं होताच त्यांनी स्वतःच शिट्टी मारली. भाची इतकी हसली की टाके दुखायला लागले आणि हसता हसता ती रडायला लागली. "पप्पा, आईनं तुम्हाला शेगडीसकट बाहेर काढलं असतं."

"काढलं असतं की," दाजी म्हणाले. "दोनदा काढलं असतं."

धुराचा वास परत वर गेला होता, कारण घरमालकीणबाई पुन्हा जिन्यात उभ्या होत्या. या वेळी हातात बादली नव्हती. त्यांनी बाज बघितली, तीवर हसतरडत पडलेली पोर बघितली, शेगडीपुढं बनियनवर बसलेला बाप बघितला. मग खाली येऊन त्यांनी दाजींना खांद्याला धरून बाजूला सारलं, एका वाटीत चार निखारे घेतले, त्यांवर कसला तरी सुगंधी धूप टाकला आणि भाचीचे मोकळे केस त्या धुरावर धरले. दाजींनी विचारलं, "हे कवा करायचं असतंय, आक्का?" त्यांनी तमिळमध्ये सविस्तर सांगितलं. दाजी मान डोलवत होते. "कळलं का?" मी विचारलं. "समदं," ते म्हणाले.

बाळंतपणानंतर चाळीस दिवस आम्ही तिथं राहिलो. रोज अकरा वाजता दोन मिनिटं शेक, एक शिट्टी. निघायच्या दिवशी भाचीनं बाळाला दाजींच्या हातात दिलं आणि म्हणाली, "दिवाळीला येते. महिनाभर राहणार. माझी खोली रिकामी ठेवा."

परत आल्यापासून दाजी त्या खोलीच्या मागं आहेत. जुना चुना खरवडून झाला, खिडकीला नवी कडी लागली, पाळण्याचा हूक तीनदा ओढून बघितला. ते स्वतः त्याला लोंबकळले. राहिलाय फक्त रंग. दाजी म्हणतात, तिला विचारल्याशिवाय ठरवायचा नाही. ती फोनवर म्हणते, "पप्पा, तुम्हाला आवडेल तो द्या." मग दाजी दुकानातून रंगांचं पत्रक आणतात, माझ्यासमोर धरतात आणि म्हणतात, "यादीबाई, तुमच्या ताईला ह्यातला कुठला आवडला असता?" मला एकदा वाटतं पिस्ता, एकदा वाटतं फिका पिवळा. तिला कधी विचारलंच नव्हतं. आज वसुबारसेला अठरा दिवस आहेत. खोली अजून रंगवायची आहे.