सुरीवालीचा जोर कमी केला तेव्हा

सासूला मी आत्ती म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. आत्तींना आम्ही निपाणीहून बेळगावला आणलं ते त्यांच्या छातीपायी. पस्तीस वर्षं त्यांनी विड्या बांधल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली पानं, आणि बोटं चालूच. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, आता तंबाखूची धूळसुद्धा नाकात जायला नको. नवऱ्यानं आणि मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. त्यांची पिशवी भरली, बसमध्ये बसवलं, घेऊन आलो. आत्तींना विचारलं होतं असं काही मला आठवत नाही.

बेळगावात आमच्या दोन खोल्या. शेजारी सगळे नोकरीवाले, दिवसभर दारांना कुलूप. नवरा आठवडाभर हुबळीला असतो. मी घरूनच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचं काम करते. आत्ती माझ्यासमोर खुर्चीत बसायच्या आणि त्यांचे हात मांडीवर आपोआप चालायचे. गुंडाळायचं, टोक दाबायचं, बाजूला ठेवायचं. हातात काही नाही. मला ते बघवायचं नाही. खरं सांगायचं तर रागच यायचा, आणि तो कुणावर काढायचा ते न कळल्यामुळं कुकरवर निघायचा.

आता माझं एक सांगते. माझं माहेर इथलंच, शहापूरचं, घरात माग. लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर मी टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आणलं होतं, दोन साड्यांच्या मधे गुंडाळून. माझा आवडता गेम असा की आपण एक पात्र घ्यायचं, भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे आणि हळूहळू जोर वाढवत न्यायचा. पात्रांचे प्रकार असतात, त्यांना क्लास म्हणतात. जादूगारीण, अस्वलाचं रूप घेणारा बाबा, सुरीवाली, असे बरेच. दर तीनेक महिन्यांनी नवा सीझन येतो, आणि सीझन आला की सगळ्यांनी परत पहिल्या पायरीपासून.

एका दुपारी पत्रिका संपवून मी गेम लावला. शेजारी आत्तींची बोटं मांडीवर चाललेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसरा रिमोट उचलला आणि त्यांच्या हातात कोंबला.

"बोटं चालवायचीच हाईत न्हवं? मग हितं चालवा."

मी त्यांना सुरीवाली दिली, कारण तिला बटणं कमी लागतात. सुरीवालीचं असं होतं की वार एकामागून एक पडत राहिले की दर वाराला जोर वाढत जातो. पापणी लवेपर्यंत थांबलात की परत शून्य. मला कधी तीस वारांच्या पुढं जमलं नाही, अंगठाच भरून येतो. आत्ती पहिल्याच आठवड्यात दोनशेवर गेल्या. तोंडानं मला सांगताहेत की काल आणलेली वांगी किडकी निघाली, आणि अंगठा आपला एका लयीत चाललाय. समोर राक्षसांचा नुसता सडा.

"पुढं पळू नकोस गं," मला म्हणायच्या. "तुझी ती बाई लई नाजूक हाय. माझ्या मागं ऱ्हा."

माझी ती बाई म्हणजे जादूगारीण. मी मागं राहायला लागले. आयुष्यात कुणाच्या मागं न राहिलेली मी. महिन्याभरात आत्ती दोन घास जास्त जेवायला लागल्या, खोकला उतरला, आणि मांडीवरची बोटं थांबली. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई गेम खेळती?" आणि हसत सुटला. मी फोन ठेवून दिला.

मग तो सीझन संपत आला आणि नव्या सीझनचे बदल जाहीर झाले. गेम बनवणारे दर वेळी यादी काढतात, कुठल्या क्लासचा जोर वाढवला, कुणाचा कमी केला. सगळे बरोबरीचे राहावेत म्हणून. मी चहा घेऊन वाचायला बसले आणि चहा तसाच गार झाला. सुरीवालीचा वाढता जोर त्यांनी वीस वारांवर अडवला होता. त्यापुढं कितीही मारा, काही उपयोग नाही. कारण काय, तर काही खेळाडू फार वेगानं बटण दाबतात, ते इतरांवर अन्याय आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पस्तीस वर्षांत कमावलेला अंगठा खुपला होय रे तुमच्या डोळ्यात. आणि अस्वलबाबाचा जोर दुप्पट करून ठेवलेला, ज्याला बोटं असली काय नसली काय.

चिडून झाल्यावर मी शहाणपणा केला. नवा सीझन रविवारी सकाळी सुरू झाला. आत्ती आंघोळ करून येईपर्यंत मी त्यांच्यासाठी अस्वलबाबा तयार करून ठेवला.

"आन माझी पोरगी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"ती आता चालत न्हाय आत्ती. ह्यो घ्या. यंदा ह्याचंच राज्य हाय."

"बरं," म्हणाल्या.

अस्वलबाबा जबरदस्तच होता. एकदा बटण दाबायचं आणि थांबायचं. तो सावकाश पंजा उचलतो, जमीन हादरते, समोरचे सगळे एकदम आडवे. मग परत दाबायचं, परत थांबायचं. मागच्या वेळी जिथं पोचायला महिना लागला होता तिथं आम्ही चार दिवसांत पोचलो. मी खुशीत होते. पंजा वर जाऊन खाली येईपर्यंत आत्तींच्या हातांना काही काम नसायचं, हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला दिसलं नाही. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, निपाणीला शेजारणीच्या नातीचं बारसं आहे, दोन दिवस जाऊन येते. मीच बसमध्ये बसवून आले.

दोन दिवसांचे आठ झाले. फोनवर हसून बोलायच्या, "येणार की गं" म्हणायच्या, पण बोलता बोलता खोकायच्या. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या मामांची नावं घालायची राहिली होती, ती तशीच टाकली आणि निपाणीची बस धरली.

गल्लीच्या तोंडालाच तंबाखूचा वास आला. कट्ट्यावर सहा-सात बायका रांगेनं बसलेल्या, त्यांच्यात आत्ती. नाकाला पदर बांधलेला, मांडीवर सूप. वाटेत मी काय काय बोलायचं ते पाठ करून आले होते. मी कट्ट्यापुढं जाऊन उभी राहिले. आत्तींनी वर बघितलं, हातातली विडी पुरी केली आणि मगच सूप खाली ठेवलं. मला घरात नेऊन पाणी दिलं.

"डॉक्टरनं काय सांगितलंय तुमाला?" मी म्हणाले. "मरायचं हाय काय?" आणि मलाच रडू फुटलं.

त्यांना खोकल्याची उबळ आली होती, ती जाईपर्यंत मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मरायचं कुणाला असतंय गं," त्या म्हणाल्या. "पर तितं बसून करू काय? तुमी दोघांनी माझं काम काढून घेतलंसा. छातीपायी घेतलंसा, माझी काय तक्रार न्हाय. मग तू मला दुसरं काम दिलंस. लई बरं वाटलं मला. आन ते पण तूच काढून घेतलंस. ते अस्वल सगळं आपलं आपण करतंय. मी नुसती बघत बसायची."

"पर सुरीवालीचा जोर वरनंच कमी केलाय. मी न्हाय केला. सारखी हरली असती ती. तुमाला वाईट वाटलं असतं."

"कमी म्हंजे किती?"

मी समजावून सांगितलं. आधी जो राक्षस एका मिनिटात पडायचा त्याला आता बराच वेळ लागणार, आणि तोवर तोच आपल्याला मारत राहणार.

"म्हंजे छाट काढली," आत्ती म्हणाल्या. विड्या घ्यायला मुकादम बसतो तेव्हा सैल किंवा वाकड्या दिसतील त्या बाजूला टाकतो, ती छाट. कधी विडीच वाईट असते, कधी त्याचं डोकं फिरलेलं असतं. "माझी काय कमी छाट काढली व्हय आजपातूर? दुसऱ्या दिवशी परत बसतोयच की आमी. लागूदे वेळ. मला कुठं गाडी धरायची हाय? मला इचारायचंस तरी."

त्या शेवटच्या वाक्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अस्वलाचं नव्हतं ते फक्त, मला कळत होतं. "चुकलं आत्ती," मी म्हणाले. लग्नाला सहा वर्षं झाली, त्या घरात हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. मग विचारलं, येता का परत. ओढून न्यायचं नाही असं ठरवूनच विचारलं.

"बगू," त्या म्हणाल्या. "ती पोरगी उठून हुबारती का बगू. न्हायतर म्या हितंच बरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावात आम्ही पहिल्यापासून सुरू केलं. सुरीवाली सुरीवालीच. पहिल्या भुयाराच्या तळाशी हाडांचा एक सरदार असतो. अस्वलबाबानं त्याला तीन पंजांत झोपवला होता. त्याच सरदारानं सुरीवालीला लागोपाठ तीनदा मारून टाकलं. माझ्या जादूगारणीचा जोर यंदा बरा होता, मनात आणलं असतं तर मीच त्याला संपवला असता.

"तू हात लावू नकोस," आत्ती म्हणाल्या.

नाही लावला. चौथ्या वेळी माझी नाजूक बाई कोपऱ्यात उभ्या उभ्याच मेली आणि सुरीवाली एकटी राहिली. विसावा वार पडला, जोर तिथंच थांबला. पन्नासावा, शंभरावा, तीनशेवा, सगळे एकाच मापाचे. सरदाराच्या जिवाची लाल पट्टी नखाएवढी खाली यायची. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी उठले नाही. आत्ती ओठ मुडपून बसल्या होत्या, वांगी नाही की काही नाही. अंगठा तेवढा चालत होता, आणि खोकला आला तरी चालत होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, पड की रं मुडद्या, माझी सासू चालली माझी.

पडला तो. आत्तींनी रिमोट खाली ठेवला आणि अंगठा चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "निपाणीला फोन लाव."

वाटलं, जिंकून पण चालल्या. शेजारणीचा नंबर लावून दिला. त्यांना फोन कानाला धरायला आवडत नाही, म्हणून आवाज मोठा करून ठेवला.

"अगं, मी हाय, बेळगावातनं," आत्ती म्हणाल्या. "कट्ट्यावरची माझी जागा दे आता कुणाला तरी. खांबाजवळ उजेड चांगला पडतोय, रिकामी कशाला ठेवायची."

तेव्हा मला कळलं की आम्ही त्यांना आणल्यापासून आठ महिने त्या बायका खांबाजवळची जागा सोडून बसत होत्या.

"म्हंजे येणार न्हाईस व्हय आता?" शेजारणीनं विचारलं.

"येईन की गं," आत्ती म्हणाल्या. "पावनी म्हणून येईन."