सुटलेला पडाव

आमच्या बंदरात मुंबईची आगबोट काठाला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना तिथवर पडावातून न्यावे लागे. तो पडाव चालवणारा कोळी मला शाळेच्या वाटेवर रोज दिसे. माणसांना बसवताना तो त्यांच्या मानाकडे नव्हे, वजनाकडे पाही. "वकीलसाहेब, मधी सरका. तुमच्यानं पडाव कलतो," असे सरळ सांगे. त्याचा एक नेम होता. काठावरून सुटलेला पडाव मागे फिरवायचा नाही. फिरवला तर दर्या रुसतो. एकदा खुद्द मामलेदार धक्क्यावरून हाका मारत राहिले, तरी त्याने मान वळवली नव्हती.

मुंबईत थोरला भाऊ अत्यवस्थ असल्याची तार आली, तेव्हा मी धावत धक्क्यावर पोहोचलो. पडाव सुटला होता आणि पुढची आगबोट दुसऱ्या दिवशी होती. माझ्याने हाकही मारवेना. तार हातात धरून नुसता उभा राहिलो. त्याने मला पाहिले आणि वल्ही उलटी मारली.

"मामलेदारासाठी न्हाय, आन् मास्तरासाठी फिरवतोस व्हय?" पडावातला एक व्यापारी म्हणाला.

"दर्याचं नि माझं मी बगीन. तुमी सरका."

पंधरा दिवसांनी मी परतलो. आगबोटीवरून उतरताना त्याने हात दिला, आणि माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे पाहिले.

"भेट झाली, मास्तर?"

"झाली. संध्याकाळपर्यंत बोलत होता."

"मग बरं," तो म्हणाला. "आज दर्याला नारळ देतो, माफीचा."