स्कार्फची गाठ

आपण काय वाचतो, काय शोधतो ते कुणाला कळू नये म्हणून मुक्ताने, माझ्या मुलीने, संगणकावर नवा ब्राउजर टाकून दिला. त्यातली अक्षरं मला फार बारीक वाटली. मी सेटिंग उघडून ती मोठी केली, मागचा रंगही बदलला. तिने लगेच सगळं होतं तसं केलं.

"बाबा, यात आपल्या सोयीचं काही करायचं नाही. सगळ्यांचं सारखं दिसतं, म्हणून तर कुणी ओळखू येत नाही. तुम्ही एक जरी बदल केलात तरी गर्दीत उठून दिसता."

"पण मला दिसत नाही त्याचं काय?"



आज सकाळी सिग्नलला थांबलो होतो. पुढे आपापल्या स्कूटरवर सात-आठ मुली, सगळ्यांचे चेहरे स्कार्फमध्ये गुंडाळलेले. त्यातली मुक्ता मला लगेच कळली. गाठ डाव्या कानामागे मारून टोक आत खोचायची तिची सवय कॉलेजपासूनची आहे. स्कार्फच्या आत बोट घालून ती डोळे पुसत होती. मी पाहिलं हे तिला कळू नये, म्हणून मी मान फिरवली. सिग्नल सुटला, ती गेली. घरी आल्यावरही मी काही विचारलं नाही.

संध्याकाळी ब्राउजर उघडला. थोडा वेळ डोळे ताणून वाचलं, मग अक्षरं मोठी केली. दुसरं करणार काय? आपल्या सोयी, आपल्या खोडी, त्यांवरूनच तर माणूस सापडतो. फक्त तिकडे, इंटरनेटवर, जो कोणी मला ओळखेल, तो मान फिरवणार नाही.